ड्रंक अँड ड्राइव्हची जुनी केस आणि कॅनडाचा व्हिसा, कोणाला अनुभव आहे का?

सुनीती_बोरिवली
नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकीच्या विभागात पडला असेल तर ॲडमिननी हलवावा. लेकीचं वॉटर्लूला मास्टर्स संपतंय, जूनमध्ये कन्व्होकेशन आहे आणि आम्हा दोघांना जायचंय. फॉर्म भरायला घेतला तर त्यात सरळ विचारलंय की कुठल्याही देशात तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झालाय का, अटक झालीये का, शिक्षा झालीये का. आणि आमच्या मिस्टरांची एक केस आहे. २०१५ च्या थर्टीफर्स्टला ऑफिसची पार्टी लोअर परळला होती, परत येताना रात्री माहीमला नाकाबंदीत धरलं, फुंकायला लावलं, मशीनवर आकडा आला, गाडी तिथेच ठेवून हे रिक्षाने घरी. मग जानेवारी २०१६ मध्ये कोर्टात जाऊन दोन हजार दंड भरला आणि लायसन सहा महिने गेलं. ॲक्सिडेंट नाही, वाद नाही, त्याच्या आधी नाही, नंतर नाही, आता तर शुगरमुळे घेतच नाहीत.

एजंट म्हणतो, मॅडम ही ट्रॅफिकची केस, क्रिमिनल थोडीच आहे, 'नो' टिक करा आणि विसरून जा. लेक म्हणते अजिबात नाही. हे म्हणतात मी येतच नाही, तू एकटी जा. मला कळेना कोणाचं ऐकू. प्लीज कोणी माहितगार असेल तर सांगा.

वरळीचा_बाब्या
ताई टेन्शन नका घेऊ. मुंबई ट्रॅफिकच्या दहा वर्षांपूर्वीच्या पावत्या कॅनडावाले कुठे बघणारेत, इथे माझं गेल्या वर्षीचं ई-चलन माझ्या नावावर आहे का भावाच्या हे आरटीओला माहीत नाही. नो टिक करा, लेकीचे फोटो काढा, परत या.

ब्रॅम्प्टनकर
बाब्या, बाबा रे, असले सल्ले देऊ नकोस. सुनीतीताई, आधी एजंटला थांबवा. इथे खोटं सांगणं हा मूळ केसपेक्षा मोठा प्रॉब्लेम आहे. कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याचं कलम ४०, माहिती लपवली असं ठरलं की ५ वर्षं बंदी, व्हिजिटर नाही, पीआर (कायम राहण्याचा परवाना) नाही, काही नाही. आणि आज नाही सापडलं तरी विषय संपत नाही. उद्या लेक तिथे सेटल झाली, तुम्हाला सुपर व्हिसावर (आईवडिलांसाठीचा लांब मुदतीचा व्हिसा) बोलावलं किंवा पॅरेंट स्पॉन्सरशिपमध्ये नाव निघालं तर भारतातून पोलीस क्लिअरन्स आणायला सांगू शकतात, तेव्हा जुना फॉर्म आणि नवा फॉर्म शेजारी ठेवून बघतात. तेव्हा काय उत्तर देणार?

आता केसबद्दल. कॅनडा हे बघत नाही की तुमच्याकडे दंड किती झाला. त्यांचा प्रश्न एकच, हेच कृत्य कॅनडात केलं असतं तर तो कुठला गुन्हा झाला असता आणि त्याला कॅनडात जास्तीत जास्त शिक्षा किती. दारू पिऊन गाडी चालवणं इथे क्रिमिनल कोडमध्ये आहे, ट्रॅफिक रूलमध्ये नाही. म्हणून दोन हजाराचा दंड असो नाहीतर दोनशेचा, बॉर्डरवरच्या माणसासाठी तो क्रिमिनल रेकॉर्डच.

पण तुमच्यासाठी एक चांगली गोष्ट आहे, तारीख. १८ डिसेंबर २०१८ ला इथला कायदा बदलला, या गुन्ह्याची कमाल शिक्षा ५ वर्षांवरून १० वर्षं झाली आणि तो एकदम सीरियस कॅटेगरीत गेला. त्याच्या आधीच्या गुन्ह्यांना जुना हिशोब लागतो, म्हणजे एकच केस असेल आणि शिक्षा पूर्ण होऊन १० वर्षं झाली असतील तर माणूस आपोआप सुधारला असं धरतात, डीम्ड रिहॅबिलिटेशन म्हणतात त्याला. वेगळा अर्ज नाही, फक्त व्हिसाच्या फाइलला कागद जोडायचे.

सुनीती_बोरिवली
देवासारखे भेटलात. जानेवारी २०१६ म्हणजे दहा वर्षं आत्ताच जानेवारीत झाली की! मग प्रश्नच नाही ना?

ब्रॅम्प्टनकर
थांबा ताई. दहा वर्षं गुन्ह्यापासून मोजत नाहीत आणि दंड भरल्यापासूनही नाही. शिक्षेचा शेवटचा भाग संपला तिथून मोजतात. गाडी चालवायला बंदी घातली असेल तर ती संपली त्या दिवसापासून. लायसन जानेवारीत गेलं, सहा महिने म्हणजे जुलै २०१६. तिथून दहा वर्षं जुलै २०२६. कन्व्होकेशन जूनमध्ये.

सुनीती_बोरिवली
अरे देवा. एका महिन्याने?

तात्या_पार्ले
मला कोणी झोडपलं तरी चालेल पण मुळात पिऊन स्टिअरिंगला हात लावायचाच कशाला हा प्रश्न या धाग्यावर अजून एकानेही विचारला नाही याचं आश्चर्य वाटतं. थर्टीफर्स्टला रात्रभर लोकल असतात. कॅनडावाले बरोबरच करतात.

वरळीचा_बाब्या
तात्या, धागा व्हिसाचा आहे, व्यसनमुक्तीचा नाही.

सुनीती_बोरिवली
तात्या, हे वाचून मिस्टर म्हणाले बरोबर बोलतायत ते. त्यामुळे तुम्हाला कोणी झोडपणार नाही.

काळाकोट
मी मुंबईत मॅजिस्ट्रेट कोर्टात प्रॅक्टिस करतो, असल्या केसेस रोज बघतो म्हणून लिहितो. पहिलं, एजंटचं 'ट्रॅफिकची केस' हे साफ चूक. मोटार वाहन कायद्याचं कलम १८५, यात पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. सिग्नल तोडल्यासारखा हा दंड रस्त्यावर हवालदाराकडे भरता येत नाही, कोर्टातच जावं लागतं, आणि तिथे काय होतं हे ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत आहे. सकाळी अकराला बाकावर सगळे रात्रीचे पाहुणे, नाव पुकारलं की पुढे, "गुन्हा कबूल आहे?" "कबूल आहे साहेब", दंड, सही, पुढचा. मिनिटभराचं काम. माणूस घरी येऊन सांगतो दंड भरून आलो. पण कायद्याने त्या मिनिटात तो गुन्हा कबूल करून दोषी ठरलेला असतो. म्हणून फॉर्मवर उत्तर 'हो' हेच.

दुसरं, ताई, लायसन कोणी सस्पेंड केलं हे बघा. कलम २० नुसार १८५ मध्ये दोषी ठरवताना कोर्टानेच किमान सहा महिने अपात्र ठरवायचं असतं. तसं ऑर्डरमध्ये असेल तर तो शिक्षेचाच भाग. पण आरटीओला कलम १९ खाली स्वतंत्र अधिकार आहेत. ते आरटीओने वेगळं पत्र काढून केलं असेल तर ही कारवाई कोर्टाच्या शिक्षेबाहेरची आहे असं मांडायला जागा राहते, आणि मग दहा वर्षं दंडाच्या तारखेपासून मोजा म्हणता येतं. ऐकतील का ते ब्रॅम्प्टनकर सांगतील. पण त्यासाठी कागद हातात पाहिजे. तुमच्याकडे काय काय आहे?

सुनीती_बोरिवली
कपाट उपसलं. एलआयसीच्या पावत्यांच्या पिशवीत दंडाची पावती सापडली आणि त्या मशीनमधून निघालेली चिठ्ठी. पण चिठ्ठी कोरी आहे हो! तो एटीएमच्या पावतीसारखा कागद, सगळं उडून गेलंय, उजेडात तिरकी धरली तर वरती गाडीचा नंबर तेवढा अर्धवट दिसतो. ऑर्डर वगैरे काही नाही, तेव्हा कोणी मागितलीच नाही.

ब्रॅम्प्टनकर
ताई ती चिठ्ठी टाकू नका! आणि मिस्टरांना विचारा आकडा किती होता आठवतंय का. हे फार महत्त्वाचं आहे, आधीच लिहायला हवं होतं.

भारतात लिमिट १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम. कॅनडात क्रिमिनल गुन्हा होतो ८० पासून. मधल्या पट्ट्यात, म्हणजे ५० ते ८० मध्ये इथे ऑन्टारिओत पोलीस काही दिवस लायसन काढून घेतात, दंड लावतात, पण ती प्रोव्हिन्सची कारवाई, क्रिमिनल केस नाही. म्हणजे मुंबईत ज्या आकड्यावर माणूस कोर्टात उभा राहिला त्याच आकड्यावर टोरांटोत तो कदाचित टॅक्सीने घरी गेला असता. गुन्ह्याची बरोबरी शोधायची असेल तर आकडा पाहिजेच, आणि तो ८० च्या खाली असेल तर तुमची दहा वर्षांची मोजामोजीच बाजूला पडू शकते.

जर्सीकर
मध्येच बोलतो. माझ्या रूममेटचं अगदी उलटं झालं. तो इकडे न्यू जर्सीत पकडला गेला. न्यू जर्सीत डीडब्ल्यूआय, म्हणजे पिऊन गाडी चालवणं, हा क्राइमच नाही, मोटर व्हेइकलचा गुन्हा आहे, त्यामुळे तो निर्धास्त. आईवडील डोंबिवलीहून आले, नायगाराला जाऊ म्हणाले, दोन्ही बाजूंनी बघू. तर कॅनडाने सांगितलं तुमच्या राज्यात त्याला काय म्हणतात ते तुमच्याकडे, आमच्याकडे हा क्राइम आहे. आणि अमेरिकेतलं रेकॉर्ड कॅनडाच्या बॉर्डरवर स्क्रीनवर दिसतं, त्यामुळे 'त्यांना कुठे कळतंय' हा बाब्याचा फॉर्म्युला इकडे तर चालतच नाही.

शेवटी अमेरिकेच्या बाजूनेच बघितला. खरं सांगू का, आईवडिलांना काही फरक पडला नाही, बोट या बाजूनेही सुटते आणि गोट आयलंडवरून धबधब्याच्या अगदी काठाला उभं राहता येतं. घोड्याच्या नालेसारखा पूर्ण व्ह्यू मात्र पलीकडूनच.

आणि अलास्का क्रूझचं कोणाच्या डोक्यात असेल तर जपून. सिएटलहून निघालेली बोट बहुतेक वेळा वाटेत व्हिक्टोरियाला लागते, तो कॅनडा आहे, तिथेही हेच प्रश्न. टोरांटो किंवा व्हँकुव्हरला नुसतं विमान बदलायचं असलं तरी आपल्या पासपोर्टला ट्रान्झिटचा व्हिसा लागतो आणि फॉर्मवर तोच प्रश्न.

माटुंग्याची_मंजू
अमेरिकेच्या व्हिसाचं काय पण? भावाची अशीच केस आहे, त्याला बीकेसीला इंटरव्ह्यू आहे.

जर्सीकर
अमेरिका वेगळी. तिथे साधी एक केस असली म्हणून दार बंद असं नाही. पण डीएस-१६० मध्ये, म्हणजे व्हिसाच्या फॉर्ममध्ये, अटक किंवा शिक्षा झाली का विचारतात, हो म्हणायचं. गेल्या ५ वर्षांत दारूमुळे अटक झाली असेल तर त्यांच्या ठरलेल्या डॉक्टरकडे तपासणीला पाठवतात. दारूचं व्यसन आहे का आणि त्यातून कोणाला धोका आहे का एवढंच त्यांना बघायचं असतं. रिपोर्ट आला की पुढे. वेळ जातो म्हणून तिकीट आधी काढू नका.

माझ्या रूममेटचा एच-वन बीचा (नोकरीच्या व्हिसाचा) स्टॅम्प ईमेलवरच रद्द झाला. केस कोर्टात उभी राहायच्या आधी. नुसती अटक पुरते त्याला. राहण्याचा स्टेटस चालू राहिला, नोकरी चालू, पण एकदा भारतात आला की नवीन स्टॅम्प लागणार आणि आधी तोच डॉक्टर. बहिणीच्या लग्नाला यायचं की नाही यावर त्याने किती रात्री काढल्या ते मी बघितलंय.

तात्या_पार्ले
ऑस्ट्रेलियाला गेलो होतो मुलाकडे, तिथेही विमानात कार्ड देतात त्यावर विचारलंय शिक्षा झाली आहे का. पण त्यांची मोठी कात्री बारा महिने किंवा जास्त कैदेची, दंडवाल्यांना ती लागत नाही. यूकेच्या फॉर्मवर तर गाडीच्या स्पीडिंगचा दंडसुद्धा लिहायला सांगतात. सांगायचं सगळीकडे असतंच, अडवणं देशागणिक वेगळं. सगळ्यात कडक कॅनडाच, इतकी शांत माणसं आणि हे.

काळाकोट
ताई, चिठ्ठी उडाली तरी आकडा उडालेला नाही. पोलिसांनी कोर्टात जी तक्रार दाखल केली त्यात मशीनचं रीडिंग पेनाने लिहिलेलं असतं. ती आणि रोजनामा (कोर्टात त्या दिवशी काय झालं त्याची नोंद), दोन्हीच्या सर्टिफाइड नकला काढा. पावतीवर केस नंबर असेल, नक्कल अर्ज करा, कोर्ट फी स्टॅम्प लावा. इतक्या जुन्या समरी (झटपट निकालाच्या) केसचं रेकॉर्ड नष्ट केलेलं असू शकतं, तसं असेल तर रेकॉर्ड उपलब्ध नाही असा दाखला लेखी घ्या, तोंडी ऐकून परत फिरू नका. एखादा ज्युनिअर वकील धरला तर चकरा वाचतील. आणि ई-कोर्ट्सच्या साइटवर मिस्टरांच्या नावाने एकदा बघून घ्या केस डिस्पोज, म्हणजे निकाली, दाखवते का. मी असे लोक बघितलेत जे दंड भरलाय समजून बसले आणि केस उघडीच होती, पासपोर्ट रिन्यू करायला गेले तेव्हा कळलं की चालू फौजदारी केस असेल तर आधी कोर्टाची परवानगी आणा.

वरळीचा_बाब्या
हे वाचून मी माझं पण नाव टाकून बघितलं. काही नाही. पण घाम फुटला होता.

सुनीती_बोरिवली
बरेच दिवसांनी लिहितेय, सॉरी. ज्युनिअर वकील मुलगी भेटली, काळाकोटसाहेब तुमच्यासारखीच, फी विचारली तर म्हणाली आधी काम होऊ दे काकू. रेकॉर्ड होतं! गठ्ठ्यात खाली दबलेलं, पिवळं पडलेलं, पण होतं. तक्रारीत लिहिलंय रीडिंग ५२. आणि रोजनाम्यात दंडाचं आहे, कबुलीचं आहे, लायसन सहा महिने अपात्र हेही कोर्टानेच लिहिलंय, त्यामुळे आरटीओवाला मुद्दा आपल्याला नाही. हे स्वतः आले होते बरोबर, नक्कल हातात घेऊन बराच वेळ वाचत बसले, मग म्हणाले अक्षर चांगलं आहे हवालदाराचं.

ब्रॅम्प्टनकर
५२! आता नीट ऐका. कलम १८५ मध्ये दोन भाग आहेत, एक दारूचा आकडा ३० च्या वर आणि दुसरा ड्रग्जमुळे गाडीवर ताबा नसणं. मिस्टरांना पहिल्यात दोषी ठरवलंय, म्हणजे कोर्टासमोर सिद्ध झालं काय तर फक्त आकडा ३० च्या वर होता. ते गाडी वेडीवाकडी चालवत होते असं तक्रारीत कुठे लिहिलंय का बघा. कारण कॅनडात ८० चा नियम वेगळा आणि 'दारूमुळे गाडी चालवायची क्षमता कमी झाली' हा गुन्हा वेगळा, या दुसऱ्याला आकडा लागत नाही. झोकांड्या जात होता, बोलता येत नव्हतं असं काही लिहिलं असेल तर ऑफिसर तिकडून पकडू शकतो. साधी नाकाबंदी, सगळ्यांना थांबवत होते, मशीन लावलं, ५२ आलं, एवढंच असेल तर तुमची बाजू चांगली आहे.

इथल्या एखाद्या इमिग्रेशन वकिलाकडून एक लीगल ओपिनियनचं पत्र घ्या, की हा गुन्हा कॅनडातल्या कुठल्याही गुन्ह्याशी जुळत नाही. एजंट नको. कन्सल्टंट घ्यायचाच असेल तर त्याचा आरसीआयसी नंबर (परवानाधारक इमिग्रेशन कन्सल्टंटचा नंबर) मागा, त्यांची नोंदणी करणारी संस्था आहे, तिला 'कॉलेज' म्हणतात, तिच्या रजिस्टरवर नाव ऑनलाइन तपासता येतं, नंबर देताना चाचरला की समजून जा. फॉर्मवर 'हो', खाली दोन ओळीत काय, कधी, किती दंड. सोबत नकला, भाषांतर मराठी भागाचं, वकिलाचं पत्र. रडगाणं नको, मुलीचं कौतुक दुसऱ्या पत्रात.

आणि ऑफिसरला पटलं नाही तर? दुसरं हत्यार टेम्पररी रेसिडेंट परमिट. अपात्र असूनही ठरावीक कारणासाठी आत यायची परवानगी, फी अडीचशे डॉलरच्या आसपास. कन्व्होकेशन हे सांगण्यासारखं कारण आहे. कव्हर लेटरमध्येच लिहा की नाही पटलं तर परमिटचा विचार करावा. अमेरिकन लोक हे बॉर्डरवर जाऊन मागतात, आपल्याला ते जमत नाही, आपल्याला आधी व्हिसा लागतो, म्हणून सगळं इथूनच आणि लवकर.

सुनीती_बोरिवली
तक्रारीत तसं काही नाही, "वाहन थांबवून तपासणी केली असता तोंडास मद्याचा वास आला" एवढंच आहे. लेकीने तिकडे वकील शोधलाय. ती म्हणते अगदीच नाही जमलं तर ऑक्टोबरचं कन्व्होकेशनही असतं, त्यात बसता येतं का युनिव्हर्सिटीला विचारते, तोपर्यंत तुमचा जुलैपण होऊन जाईल. एजंटला पैसे परत मागितले, अर्धे देतो म्हणाला.

वरळीचा_बाब्या
अर्धे पण घ्या ताई. मी माझा पहिला सल्ला मागे घेतो, ॲडमिनने उडवला तरी चालेल.

चिऊ_ठाणे
सगळा धागा वाचला. माझ्या दादाची केस डिसेंबर २०१९ ची आहे, घोडबंदर रोडला, दहा हजार दंड. आकडा शंभरच्या वर होता म्हणतो. त्याला पण दहा वर्षं झाली की आपोआप होईल ना?

ब्रॅम्प्टनकर
नाही. ती १८ डिसेंबर २०१८ च्या नंतरची आहे, म्हणजे सीरियस, आणि आकडाही ८० च्या वर. त्याला आपोआप काही होत नाही, वीस वर्षं थांबला तरी. शिक्षा पूर्ण होऊन ५ वर्षं झाली असतील तर क्रिमिनल रिहॅबिलिटेशनचा अर्ज करायचा, फी हजार डॉलरच्या वर, निकालाला वर्षाहून जास्त लागू शकतं, पण एकदा मंजूर झाला की त्या केसचा विषय कायमचा संपला. दादाला सांग आधी कोर्टातून नकला काढ आणि नवीन धागा काढ, इथे सुनीतीताईंच्या निकालाची वाट बघतोय सगळे.